मुक्या जनावराचा मृत्यू कोर्टात कसा सिद्ध होतो? पशु-न्यायवैद्यक आणि त्याचं पुढचं शिक्षण, गोव्यातून बघताना

फोंड्याजवळ कुर्टीत राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे एनएफएसयूची शाखा आल्यापासून गोव्यातल्या बारावीच्या मुलांच्या तोंडी 'फॉरेन्सिक' हा शब्द सहज येऊ लागला आहे. त्यातली प्राण्यांची आवड असलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: जनावरांचं फॉरेन्सिक असतं का, आणि ते शिकायचं कुठे? असतं. काही देशांत त्यात पदव्युत्तर पदवीही मिळते. आपल्याकडे मात्र त्या नावाची सरळ वाट नाही, दोन-तीन वाटा जोडून ती करावी लागते. कोणती वाट आधी धरायची हे चुकलं, तर पाच-सहा वर्षांनी लक्षात येतं की ज्या कामाची ओढ होती ते करण्याचा कायदेशीर हक्कच आपल्याकडे नाही. म्हणून आधी काम काय असतं ते नीट बघू. अभ्यासक्रमांची नावं नंतर.

एक मेलेली म्हैस आणि तीन जबाब

समजा, पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या कडेला सकाळी म्हैस मरून पडलेली दिसली. पोट टम्म फुगलेलं. मालक म्हणतो, शेजाऱ्याने विष घातलं. शेजारी म्हणतो, कोवळं गवत खाऊन पोट फुगलं आणि मेली. तिसरा सांगतो, रात्री वीज कडाडत होती, तीच पडली असणार.

एरवी गुरांच्या डॉक्टरला उरलेल्या गुरांची काळजी असते. रोग आहे का, पसरेल का, लस द्यायची का, एवढं कळलं की त्याचं काम पुढे सरकतं. प्रकरण पोलिसांत गेलं की त्याच मृत जनावरापाशी प्रश्न बदलतात. मृत्यू कशाने झाला? तो नैसर्गिक, अपघाती की मुद्दाम घडवलेला? आणि आपण जे म्हणतो आहोत ते उद्या दुसऱ्या पशुवैद्याला, विरुद्ध बाजूच्या वकिलाला आणि न्यायाधीशांना तपासून बघता येईल का? पशु-न्यायवैद्यकाचा बहुतेक अभ्यास या तिसऱ्या प्रश्नासाठी असतो.

फुगलेलं पोट घ्या. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट मेल्यावरही फुगतं, कारण आतले जंतू गॅस तयार करत राहतात. गोव्याच्या दमट उकाड्यात तर काही तासांत. म्हणजे नुसत्या फुगलेल्या पोटावरून काहीच ठरत नाही. जाणकार पशुवैद्य अन्ननलिका उभी चिरून बघतो. मानेतला भाग रक्ताने गच्च लाल, छातीतला भाग फिका, आणि दोन्हींच्या मध्ये ठळक सीमारेषा दिसली, तर पोट जिवंतपणी फुगल्याचा तो चांगला पुरावा. जिवंत जनावराच्या पोटात दाब वाढला की छातीतलं रक्त मान आणि डोक्याकडे ढकललं जातं. रक्ताभिसरण थांबल्यावर हे होत नाही. पण मढं कुजायला लागलं की ही रेषाही पुसट होते, त्यामुळे डॉक्टर किती वाजता पोचला हाही अहवालाचाच भाग असतो.

विजेचं तसंच. तोंडात अर्धवट चावलेलं गवत म्हणजे मरण अचानक आलं असावं. केसांत करपलेल्या रेघा मिळाल्या तर उत्तम, पण विजेने मेलेल्या जनावराच्या अंगावर कधीकधी काहीच खूण नसते. मग झाड, तुटलेली वीजवाहिनी, कुंपणाची तार, शेजारी मेलेली दुसरी गुरं हे सगळं टिपावं लागतं. रानडुकरांसाठी कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार होतात, तेव्हा ही नोंद आणखी महत्त्वाची. घटनास्थळ बघितल्याशिवाय केलेलं शवविच्छेदन अर्धं असतं.

आणि सुरी लावण्याआधी एक गोष्ट. जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळसर रक्त येत असेल, तर मढं उघडायचंच नाही. तो फाशी रोग असू शकतो, ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात. आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन तपासायचा. सत्तरीत मेलेलं माकड दिसलं तरी हीच सावधगिरी, कारण २०१५पासून तिथे गोचिडांतून माणसाला होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. गोळी लागली, शॉक बसला की रोग, हे ठरेपर्यंत त्या माकडाला उघड्या हाताने कोणी शिवू नये.

कातडीच्या आतल्या बाजूची गोष्ट

माणसाच्या अंगावरचा वळ नुसत्या डोळ्यांना दिसतो. कुत्र्याच्या दाट केसांखाली किंवा म्हशीच्या काळ्या कातडीत तो दिसतच नाही. म्हणून मारहाणीचा संशय असला की पूर्ण कातडी सोलतात, उलटी पसरतात आणि आतून बघतात. तिथे रक्ताचे डाग स्वच्छ दिसतात. काठीचा मार असेल तर कधीकधी दोन समांतर पट्टे आणि मध्ये कोरी जागा असा आकारही उमटतो. पदवीच्या वर्गात शवविच्छेदन शिकवताना सगळा भर आतल्या अवयवांवर असतो आणि कातडीला तेवढा वेळ मिळत नाही. न्यायवैद्यकाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

मालक म्हणतो, कुत्रा गाडीखाली आला. शेजारीण म्हणते, तोच रोज मारतो. हाडं इथे बरंच सांगतात. गाडीच्या धडकेत कमरेची हाडं मोडणं, फुफ्फुसाला मुका मार, रस्त्यावर घासटल्याच्या मोठ्या जखमा जास्त दिसतात. मारहाणीत कवटी, दात, मणके आणि बरगड्या मोडलेल्या आढळतात. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे वेगवेगळ्या वेळी मोडून सांधलेली जुनी हाडं. एका अपघातात जुन्या आणि ताज्या मोडी एकत्र येत नाहीत. म्हणून आधी सगळ्या शरीराचा एक्स-रे, मगच सुरी. गोळी किंवा छर्रा असेल तरी तेच, आणि तो बाहेर काढताना धातूचा चिमटा वापरायचा नाही, कारण बंदुकीच्या नळीचे ओरखडे त्याच्यावर असतात आणि चिमट्याने ते बिघडतात.

आता एक गोष्ट अशी, जी माहीत नसल्याने गावात विनाकारण आग लागते. रात्री मेलेल्या गाईचे डोळे कावळे काढतात. कुत्री-कोल्हे जीभ, कास आणि शेपटीखालचा मऊ भाग आधी खातात. सकाळी बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी क्रूरपणे अवयव कापून नेले. फोटो मोबाइलवर फिरतो, संशय एखाद्या माणसावर किंवा समाजावर जातो. मेल्यानंतर झालेल्या जखमेच्या कडांमध्ये रक्त मुरलेलं नसतं, कडा चावल्यासारख्या दातेरी असतात, आसपास पायांचे ठसे असतात. शिकलेल्या पशुवैद्याला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. निर्दोष माणसाला सोडवण्याचं काम दोषी पकडण्याइतकंच या शास्त्राचं आहे, आणि मला वाटतं, ते जास्त मोलाचं आहे.

हे सगळं मेलेल्या जनावरापुरतंही नाही. बांधून उपाशी ठेवलेला हाडकुळा कुत्रा सोडवून आणला, तर मालक म्हणणार, त्याला आजारच आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. इथे पुरावा कसा तयार करायचा? रोगाच्या तपासण्या करायच्या, कुत्र्याला बेताबेताने साधा आहार द्यायचा, दर काही दिवसांनी वजन आणि फोटो नोंदवायचे. दुसरं काही औषध न देता निव्वळ अन्नावर वजन वाढत गेलं, तर 'आजार होता' हे म्हणणं टिकत नाही. असा कुत्रा मेला असेल तर मांडीच्या हाडातली मज्जा बघतात. शरीरातली चरबी संपत जाते तेव्हा मज्जेतली चरबी अगदी शेवटी जाते, आणि तिच्या जागी लिबलिबीत, पाणचट पदार्थ दिसतो.

धिरयोतले, म्हणजे झुंजीतले बैल हेही जिवंत पुरावेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६मध्ये या झुंजींवर बंदी आणली, तरी किनाऱ्याकडच्या भागात त्या चोरून होतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको. शिंगाची जखम बाहेरून लहान आणि आत खोल असते. अशा बैलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने जखमेची जागा, लांबी, खोली आणि दिशा लिहून ठेवली, तर पुढे कामाला येते. 'शिंग लागले, टाके घातले' एवढ्याच नोंदीचा न्यायालयाला काही उपयोग नाही.

विष: बाटलीपर्यंतचा प्रवास

२०२० सालच्या जानेवारीत म्हादई अभयारण्याच्या परिसरात, सत्तरीतल्या गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारली म्हणून मढ्यावर विष टाकल्याचा आरोप ठेवून वनखात्याने काही जणांना अटक केली. वाघिणीची नखं गायब होती. गुरांवर पोट असलेल्या माणसाची अगतिकता आणि चार वाघांचा जीव, दोन्ही त्या प्रकरणात होतं. पशुवैद्याच्या वाट्याला येतो तो त्यातला कोरडा भाग: विष आहे का, कोणतं आहे, आणि ते मढ्यातून वाघाच्या पोटात गेलं हे दाखवता येतं का.

सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक असेल तर फेस, लाळ, फुफ्फुसात पाणी अशा खुणा मिळतात. पण त्या दुसऱ्या कारणांनीही होतात. उंदराच्या विषातलं झिंक फॉस्फाइड असेल तर जठर उघडताच लसणीसारखा उग्र वास येतो, आणि तो वायू उघडणाऱ्यालाही घातक असतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करतात. विषाचं नाव मात्र प्रयोगशाळाच सांगणार. प्रयोगशाळेचं उत्तर नमुना कसा गेला त्यावर अवलंबून असतं, आणि नेमकी इथेच पुष्कळ प्रकरणं ढिली पडतात.

जठर आणि त्यातलं अन्न एका बरणीत. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे वेगळ्या बरणीत. वरून मिठाचं संपृक्त द्रावण. बरणी दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर गॅसने झाकण उडतं. फॉर्मॅलिनचा थेंबही नको, कारण त्यात विषाची तपासणी बिघडते. ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी मात्र फॉर्मॅलिनच लागतं, तेही दहा टक्के, आणि तुकडे पातळ हवेत. डीएनएसाठी फॉर्मॅलिन वाईट, तिथे अल्कोहोल किंवा थेट गोठवणं बरं. जे मिठाचं पाणी वापरलं त्याचाही थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवायचा, म्हणजे 'विष तुमच्या मिठातच होतं' असं कोणाला म्हणता येत नाही. वाघाच्या बाबतीत त्याने खाल्लेल्या गुराच्या मढ्याचे आणि आजूबाजूच्या मातीचे नमुनेही हवेत. वाघाच्या पोटातलं विष आणि गाईच्या मढ्यावरचं विष एकच निघालं, तरच दोघांचा संबंध जोडला जातो.

मग लेबल, सही, लाखेचं सील, सीलचा नमुना, आणि बरणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती, किती वाजता गेली याची नोंद. यालाच चेन ऑफ कस्टडी म्हणतात. समजा, वाळपईच्या बाजूने निघालेला मुद्देमाल वेर्ण्याच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचायचा आहे. मध्ये एक रात्र तो कुठे होता? फ्रिजमध्ये की टेबलावर? त्या खोलीची चावी कोणाकडे होती? या प्रश्नांना लेखी उत्तर नसेल, तर आतलं यकृत कितीही विषारी असो, संशयाचा फायदा आरोपीला जातो. जायलाच हवा.

मांस कोणाचं?

दुसरं मोठं क्षेत्र म्हणजे ओळख पटवणं. वनखात्याने एका घरातून मांस जप्त केलं. ते गव्याचं निघालं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीखाली ३ ते ७ वर्षांची शिक्षा होऊ शकते. म्हशीचं निघालं तर तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे आरोपीचं भवितव्य एका पेशीतल्या डीएनएवर ठरतं.

यासाठी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए वापरतात, विशेषतः सायटोक्रोम बी नावाचं जनुक. एका पेशीत या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे मांस शिजवलं तरी काही तुकडे शिल्लक राहतात. शागुतीच्या वाटणात शिजलेल्या मांसातूनही प्रजाती ओळखता येऊ शकते. व्हिंदालूसारख्या व्हिनेगरच्या पदार्थात मात्र आम्लामुळे डीएनएची जास्त मोडतोड होते आणि काम अवघड होतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत यासाठी लॅकोन्स नावाची वेगळी प्रयोगशाळा आहे आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही हे काम चालतं. पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्या जप्त झाल्या तरी प्रश्न हाच. धड नाही, कातडी नाही, नुसत्या तंगड्या. बेडूक कोणत्या जातीचा हे डीएनएच सांगू शकतं.

पण डीएनएलाही मर्यादा आहे आणि तिचं उदाहरण गोव्यातच मिळतं. रानडुक्कर आणि गावात पाळलेलं डुक्कर ही एकाच प्रजातीची. मायटोकाँड्रियाची साधी चाचणी 'डुक्कर' एवढंच सांगेल. जप्त केलेलं मांस रानडुकराचं आहे असं सरकार म्हणतं, आरोपी म्हणतो आमच्या परसातल्या डुकराचं आहे. मग केस, कातडीचा तुकडा, खूर, सुळा यांकडे वळावं लागतं किंवा पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या जास्त बारकाव्याच्या चाचण्या कराव्या लागतात. शिवाय मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकराची पैदास असेल तर बापाचा पत्ता त्यात लागत नाही. चांगला अभ्यासक्रम विद्यार्थ्याला चाचणी करायला शिकवतो, त्याहून उत्तम अभ्यासक्रम त्या चाचणीने काय सिद्ध होत नाही तेही शिकवतो.

जनावरांचा डीएनए माणसाच्या खुनाचाही छडा लावतो. कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४मध्ये एका स्त्रीचा खून झाला. रक्ताळलेल्या चामडी जॅकेटवर पांढरे केस सापडले, ते मांजराचे होते, आणि संशयिताच्या घरच्या स्नोबॉल नावाच्या पांढऱ्या बोक्याच्या डीएनएशी जुळले. शास्त्रज्ञ तिथेच थांबले नाहीत. त्यांनी बेटावरच्या इतर मांजरांचे नमुने तपासले. बेट लहान, मांजरं एकमेकांची भावंडं असतील, तर जुळण्याला काय अर्थ उरणार? ती शंका दूर झाल्यावरच पुरावा उभा राहिला.

अहवालातलं एक वाक्य

'काठीने मारल्याने मृत्यू' आणि 'जखमा बोथट वस्तूच्या आघाताशी जुळणाऱ्या आहेत' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात पशुवैद्याने न बघितलेली गोष्ट बघितल्यासारखी सांगितली. उलटतपासणीत वकील विचारतो, काठीच कशावरून? दगड का नाही? आणि साक्ष तिथेच डळमळते. कोणी मारलं आणि का मारलं हे पशुवैद्याने सांगायचं नसतंच. जिथे कारण सापडत नाही तिथे 'निश्चित कारण सांगता येत नाही' असं लिहायला हिंमत लागते. गालजीबाग किंवा मोरजीच्या किनाऱ्याला लागलेलं, चार दिवस उन्हात कुजलेलं ऑलिव्ह रिडले कासव जाळ्यात गुदमरून मेलं का, याचं प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

अहवाल कोणत्या कायद्याखाली वापरला जातो त्यावरही खूप ठरतं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्याच्या कलम ११खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आकडा छापताना चूक झालेली नाही, आजही तेवढाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली मात्र जनावराला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जखम कायमचं अपंगत्व आणणारी आहे का, विष खरंच पोटात होतं का, हे अहवालात नीट नसेल तर गंभीर गुन्हा ५० रुपयांवर मिटतो. मला या विषयाचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं ते मुख्यतः यासाठी.

मग शिकायचं कुठे?

आता सुरुवातीचा धोक्याचा मुद्दा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४, कलम ३०. पशुवैद्यकाशी संबंधित बाबतीत न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत पशुवैद्याला आहे. बीएस्सीनंतर फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी केलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत विष शोधू शकतो, डीएनए तपासू शकतो आणि आपल्या चाचणीबद्दल साक्षही देऊ शकतो. म्हशीचं शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण तो सांगू शकत नाही. तेव्हा बारावीच्या मुलाने स्वतःला विचारावं: मला गोठ्यात आणि जंगलात मृत जनावरापाशी उभं राहायचंय की प्रयोगशाळेत यंत्रापाशी? दोन्ही कामं लागतात, वाटा वेगळ्या आहेत.

जंगलाची वाट बीव्हीएस्सी अँड एएच या पशुवैद्यकाच्या पदवीतून जाते. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, प्रवेश बहुतेक ठिकाणी नीटमधून. गोव्यातल्या मुलांना यासाठी राज्याबाहेर जावं लागत आलं आहे: परळचं १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्यातलं शिरवळ, किंवा कर्नाटकातली महाविद्यालयं. पदवीत पशुवैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्र हा भाग असतो, पण थोडा. खरी तयारी दोन वर्षांच्या एमव्हीएस्सी या पदव्युत्तर पदवीत होते. न्यायवैद्यकाचं नाव नसलेले तीन विषय इथे उपयोगी पडतात. विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी, हा माझ्या मते सगळ्यात पक्का पाया. औषधशास्त्र आणि विषशास्त्र हा दुसरा. वन्यप्राणी आरोग्य हा तिसरा, आणि त्यासाठी बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, म्हणजे आयव्हीआरआय, आणि नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं गोरेवाडा केंद्र ही नावं ध्यानात ठेवावीत. आयव्हीआरआयची सुरुवात १८८९मध्ये पुण्यात झाली होती, हे मराठी वाचकाला ऐकायला बरं वाटेल.

प्रयोगशाळेची वाट गोव्यातल्या मुलासाठी घराजवळून जाते. रसायनशास्त्र, प्राणीशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बीएस्सी आणि मग कुर्टीत किंवा एनएफएसयूच्या दुसऱ्या केंद्रात पदव्युत्तर अभ्यास. तिथे भर माणसांच्या गुन्ह्यांवर असतो, पण डीएनए, विषशास्त्र आणि पुरावा हाताळण्याच्या पद्धती त्याच असतात. प्रबंधाचा विषय निवडताना प्राण्यांशी संबंधित प्रश्न घेता येतो. डुकराचा वर सांगितलेला प्रश्न तर अशा कामाची वाटच बघतोय.

परदेशात नेमक्या याच नावाची पदवी आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात पशु-न्यायवैद्यकात ऑनलाइन मास्टर्स आणि त्याहून लहान पदव्युत्तर प्रमाणपत्र, दोन्ही चालतात. घटनास्थळाची तपासणी, न्यायवैद्यक विकृतिशास्त्र, प्राणीविषयक कायदा असे विषय त्यात आहेत, आणि प्राण्यांवरची क्रूरता व घरातली हिंसा यांचा संबंध हाही. हा शेवटचा विषय तिथे गांभीर्याने घेतात. एफबीआयने २०१६पासून प्राण्यांवरच्या क्रूरतेची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली, कारण कुत्र्याला छळणाऱ्या घरात बाई किंवा मूलही धोक्यात असू शकतं. नोकरी सांभाळून सरकारी पशुवैद्याला असा ऑनलाइन कोर्स करता येईल. मात्र त्याचं शुल्क डॉलरमध्ये आहे, त्यात शिकवलेला कायदा अमेरिकेचा आहे, आणि भारतात पशुवैद्यकी करण्याचा परवाना त्याने मिळत नाही. आधी इथली पदवी आणि नोंदणी, त्यावर हा कोर्स, हा क्रम ठेवावा.

नोकरीबद्दल पालक विचारतातच. 'पशु-न्यायवैद्यक तज्ज्ञ' अशी पाटी लावलेलं सरकारी पद सहसा दिसत नाही. पशुसंवर्धन खात्यातला पशुवैद्यकीय अधिकारी, वनखात्याबरोबर काम करणारा पशुवैद्य, न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला वैज्ञानिक, महाविद्यालयातला प्राध्यापक या पदांवरूनच हे काम होतं. गुरांच्या विम्याचे दावे आणि वन्यप्राण्यांनी मारलेल्या गुरांची नुकसानभरपाई हाही याचाच भाग. गाय बिबट्याने मारली की आधीच मेलेली बिबट्याने खाल्ली, हे ओळखून सही करायची असते. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणांभोवती रक्त मुरलेलं आहे का, एवढ्यावर एका गरीब गवळ्याचे पैसे अवलंबून असतात. ते वेळेवर मिळाले, तर मढ्यावर विष टाकायची वेळच त्याच्यावर येत नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांना माझं सांगणं एवढंच, की इंटर्नशिपमध्ये पोलिसांकडून किंवा वनखात्याकडून शवविच्छेदनाची मागणी आली की डॉक्टरांबरोबर जा. लांबून एक, मध्यम अंतरावरून एक आणि मोजपट्टी ठेवून जवळून एक, असा प्रत्येक जखमेचा फोटो काढायची सवय लावा. आणि एखाद्या सुट्टीत मडगाव किंवा म्हापशाच्या न्यायालयात खुल्या सुनावणीला मागच्या बाकावर जाऊन बसा. डॉक्टरची साक्ष असेल तो दिवस निवडा. विषाच्या रसायनशास्त्राबद्दल फारसं कोणी विचारत नाही. बरणीवर सील कोणी लावलं, किती वाजता, आणि तेव्हा तुम्ही तिथे होतात का, हे विचारतात.